आठ सेकंदांपुढचा माणूस

आणि ती बाई म्हणते कशी, आठ सेकंद! तुम्हाला सांगतो, आठ सेकंदांत माझा चष्मा नाकावर नीट बसत नाही, घसा साफ व्हायला पंधरा लागतात, आणि मला म्हणे आठ सेकंदांत माणूस पकडायचा! अहो, एकोणचाळीस वर्षं सरकारी कचेरीत कारकुनी केली मी. आमच्याकडे माणूस आठ-आठ महिने चकरा मारायचा, टेबलासमोर उभा राहून खाकरायचा, आणि आम्ही मान वर करून बघायचोसुद्धा नाही. तरी थांबायचा! बाकावर थांबायचा, जिन्यात थांबायचा, साहेब जेवायला गेले की डब्याच्या वासावर थांबायचा... आणि आता? आता मी स्वतःहून बोलतोय, अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून बोलतोय, सगळं जग हातात फोन घेऊन रिकामं बसलंय, आणि थांबतो कोण?

बसा हो, उठताय कशाला? आताच आलात ना? की तुम्हीही आठ सेकंदवालेच?

मी गंगाधर परुळेकर. लालबागचा. पूर्वी चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहायचो, आता त्याच जागेवर टॉवर झालाय त्यात एकोणिसाव्या मजल्यावर राहतो. म्हणजे मी कुठे हललो नाही, फक्त सतरा मजले वर गेलो. स्वर्गाला निघालेल्या माणसाला बिल्डरने मध्येच उतरवून घ्यावं तसं झालंय. खाली बघितलं तर माणसं मुंग्यांएवढी, वर बघितलं तर पाण्याची टाकी, आणि शेजारच्या दाराला तीन कुलपं. समोरच्या फ्लॅटमधल्या गृहस्थांना मी चौदा महिन्यांत चार वेळा पाहिलं, चारही वेळा लिफ्टमध्ये, आणि चारही वेळा ते आकड्यांकडे बघत होते. एकोणीस, अठरा, सतरा... मीसुद्धा बघतो आता. बोलायचं कुणाशी?

आणि चाळीत? तुम्हाला सांगतो, संध्याकाळी सातला मी गॅलरीत खुर्ची टाकायचो आणि नुसतं म्हणायचो, "त्याचं असं झालं..." बस! त्या बाईचा तो हूक का फूक, तो एवढाच! चार दारं उघडायची. कुणी तांदूळ निवडत, कुणी पोराला थोपटत, वरच्या मजल्यावरची मंडळी कठड्यावरून माना खाली घालून. आणि गोष्ट सांगायला लागलो की हुंकार! आता हुंकार म्हणजे काय हे तुम्हाला तरी ठाऊक असेल. सांगणाऱ्याने एक वाक्य टाकायचं, ऐकणाऱ्याने म्हणायचं, "हं." सांगणाऱ्याने दुसरं टाकायचं. "हं... मग?" आमच्या कोकणात तर हुंकार देणारा नसेल तर म्हातारी माणसं गोष्ट सांगतच नसत, म्हणत, भिंतीला काय सांगू? तर आमच्या गॅलरीत अडतीस माणसं हुंकार द्यायची. अडतीस! सगळी एकदम "हं" म्हणाली की बोळात स्कूटर सुरू झाल्यासारखं वाटायचं.

आणि एक माणूस द्यायचा नाही. चिंतामणी तिरोडकर. शेजारच्या खोलीतला. गिरगावात एका छापखान्यात प्रुफं तपासायचा. लग्न केलं नाही. आमची सुचित्रा, म्हणजे आमच्या सौ., म्हणायची, पत्रिकेतसुद्धा चुका काढल्या असतील. रविवारी जेवायला आमच्याकडे, रोजचा चहा आमच्याकडे, आणि गोष्टीच्या वेळी जिन्याच्या वरच्या पायरीवर, कानामागे पेन्सिल. अडतीस माणसं "हं" म्हणत असायची आणि हा मधेच म्हणायचा, "चूक."

नुसतं "चूक." मग दम खाऊन, "संपाच्या आदल्या वर्षी. नंतर नव्हे." किंवा, "चूक. तो जावई नव्हता, भाचा होता." चाळीस वर्षं! मी गोष्ट रंगात आणावी, बाई रडायला टेकलेली असावी, आणि पायरीवरून "चूक"! तुम्हीच सांगा, संताप येईल की नाही? यायचा. आणि येऊनही पुढची गोष्ट सांगताना डोळा त्या पायरीवरच जायचा. तो नसला की मी म्हणायचो, आज घसा बरा नाही, उद्या बघू.

असो. तर व्हिडिओ.

दादरला आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाने दोन दिवसांचं शिबिर ठेवलं, 'आपला व्हिडिओ, आपला प्रेक्षक'. शिकवायला शेफाली मॅडम, माटुंग्याच्या. बोलतात अशा की ऐकणाऱ्याला दम लागावा. "सो सर, सगळ्यात इम्पॉर्टन्ट काय? हूक! पहिले आठ सेकंद! पब्लिकला थांबवायचं, नाहीतर पब्लिक वर ढकलते. असा अंगठा... गेलात तुम्ही!" आणि अंगठ्याने हवेत अशी काही वर ढकलल्याची खूण केली, की पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी नमस्कार केला. वही काढून मी सगळं लिहून घेतलं. व्हिडिओच्या पहिल्या चित्रात तोंड उघडं असावं. लाल बाण असावा. बाण कशाकडे आहे ते महत्त्वाचं नाही. 'हे ऐकून तुमच्या पायाखालची जमीन सरकेल' असं काहीतरी असावं. म्हटलं, बाई, मी एकोणिसाव्या मजल्यावर राहतो, पायाखालची जमीन आधीच सरकली आहे.

पण केलं! गप्प बसणारा मी नव्हे. चॅनेल काढलं, 'आमच्या चाळीच्या गोष्टी'. एकेका खोलीवर एकेक व्हिडिओ. सुचित्रा कॅमेरा धरणार, मी बोलणार. पहिला व्हिडिओ सुरू... "सप्रेम नमस्कार. विषय, खोली क्रमांक एक. संदर्भ, आमच्या चाळीची स्थापना. सर्वप्रथम मी ज्येष्ठ नागरिक मंडळाचे, तसेच..." चार मिनिटं आभार! अहो, सवय. टिपणी लिहायची म्हणजे विषय, संदर्भ आलेच की! चौदा जणांनी बघितला. आणि त्या मशीनमध्ये एक आलेख येतो, किती लोक कुठपर्यंत टिकले त्याचा. मी काही तसला आलेख आयुष्यात पाहिला नाही. रेघ सुरू होते आणि आठव्या सेकंदाला कड्यावरून बैल पडावा तशी खाली! सर्वप्रथम म्हटलं, त्याच्या आधीच सर्व गेलेले!

मॅडमना दाखवला. त्यांनी बघितला, म्हणजे पुढे ढकलत ढकलत बघितला, आणि म्हणतात, "सर, आभार कट. आणि हे काय? तुम्ही प्रत्येक वाक्यानंतर थांबता का? दोन-दोन सेकंद? पब्लिकला वाटतं नेट गेलं!"

आता काय सांगू त्यांना? थांबतो कशाला? हुंकारासाठी थांबतो! वाक्य टाकलं की जीभ आपोआप थांबते, कान पुढे होतो... आणि समोर फोन. फोन काय "हं" म्हणणार? आणि सुचित्राला म्हटलं, तू तरी म्हण, तर म्हणते, "हात थरथरतो हो, मग तुमचं डोकं कापलं जातं."

"गॅप सगळे उडवू या सर," मॅडम म्हणाल्या. "जंप कट मारू. एकदम क्रिस्प!" आणि मारून दाखवला. तुम्हाला सांगतो, माझाच आवाज मला ऐकवेना. श्वास नाही, उसंत नाही, पोपटाला पिसाळलेला कुत्रा चावावा तसा मी बोलतोय! म्हटलं, नको. ठेवा त्या जागा. "पण सर, त्या रिकाम्या आहेत!" म्हटलं, बाई, रिकाम्या नाहीत. राखून ठेवलेल्या आहेत.

कोणासाठी, ते मी बोललो नाही. पण तुम्हाला सांगतो.

एकतीस मार्च. सहा वर्षं झाली. त्याच दिवशी मी निवृत्त झालो आणि त्याच संध्याकाळी चाळीचा निरोपसमारंभ, कारण दुसऱ्या दिवसापासून खोल्या रिकाम्या करून द्यायच्या होत्या. कचेरीतला हार माझ्या गळ्यात तसाच. चिंतामणीने माझ्या निवृत्तीचे पेढे आणलेले, दादरहून, स्वतः जाऊन. खाली चौकात सगळी चाळ जमली आणि मंडळी म्हणाली, परुळेकर, शेवटची गोष्ट होऊन जाऊ दे. मी उभा राहिलो. म्हटलं, "पंच्याऐंशी साली आपली मागची गॅलरी कोसळली, आणि कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही, तेव्हा..."

"चूक. सत्त्याऐंशी."

अहो, काय झालं मला कोण जाणे! हार टोचत होता, डोळे भरले होते, उद्या घर नव्हतं... मी सगळ्यांदेखत ओरडलो, "मग तूच सांग! जन्मभर दुसऱ्याच्या चुका काढल्यास, स्वतः कधी एक ओळ लिहिलीस का रे?"

चौकात कुणी "हं" म्हणालं नाही.

चिंतामणीने पेढ्यांचा पुडा खुर्चीवर ठेवला, पेन्सिल कानामागून काढली, खिशात घातली आणि वर निघून गेला. नंतर टॉवर झाला, त्याची जागा त्याने विकली, बदलापूरला बहिणीकडे गेला. मला सांगून नव्हे. मला ते वॉचमनने सांगितलं.

नंबर आहे हो! पाठ आहे. तोंड वर करून विचारू नका. फोन का करू मी? फोन त्याने करायचा. मध्येच बोलला कोण?

तर ते जाऊ दे. व्हिडिओ. असे सात व्हिडिओ केले. चौदा, अकरा, नऊ, बारा... आणि आठवा, तुम्हाला सांगतो, एक्केचाळीस हजार! एक्केचाळीस हजार माणसांनी बघितला, आणि आलेखाची रेघ? दोरीवर धोतर वाळत घालावं तशी आडवी, या टोकापासून त्या टोकापर्यंत! आणि त्यात मी नव्हतोच.

झालं काय, सुचित्राला कंटाळा आला धरून, म्हणून मी फोन टेबलावर टेकवून ठेवला, चालू केला, आणि चष्मा आणायला आत गेलो. तो मिळेना. इकडे सुचित्रा सुकट भाजून डब्यात भरत होती आणि तिला डब्याचं झाकण मिळेना. रागावली की ती माहेरच्या मालवणीवर येते. "झाकण खंय गेला? आत्ता हय ठेवलेलंय! ह्या घरात वस्तू म्हणान जाग्यार ऱ्हवत नाय! अहो, झाकण बघितलास? माका म्हायती आसा, तुमीच घेतलास!" ओट्यावर बघितलं, फळीवर बघितलं, फ्रिजमध्ये बघितलं, देवघरात बघितलं, गणपतीला विचारलं. चार मिनिटं! आणि शेवटी फोनपाशी आली, म्हणाली, "ह्या काय?" आणि फोनखालून झाकण ओढून काढलं. मीच ते टेकू म्हणून लावलं होतं! फोन उताणा पडला, पुढचं अर्धं मिनिट नुसता पंखा फिरतोय. तेवढाही लोकांनी बघितला!

मी चुकून चढवला हो! आठव्या खोलीचा म्हणून! आणि खाली लोकांचे अभिप्राय, "काकूंचा पुढचा व्हिडिओ कधी?" "माझी आई सेम!" "मला पहिल्यापासून वाटलं होतं काकांनीच घेतलं." मी एकोणचाळीस वर्षांत इतकं खरं बोललेलं कुणाला ऐकलं नव्हतं.

मॅडम तर नाचायच्याच बाकी. "सर! हाच हूक! झाकण कुठे आहे? उत्तर मिळत नाही तोपर्यंत पब्लिक हलत नाही!" म्हणजे बघा, मी चाळीतल्या माणसांची आयुष्यं सांगतोय, जन्म, मरणं, संपात मोडलेले संसार... थांबतो कोण? आणि झाकणासाठी? एक्केचाळीस हजार! सुचित्राला म्हटलं, आता तूच बोल. तर म्हणते, "मला काम आहे."

पण मी मॅडमना एक गोष्ट विचारली. म्हटलं, माझ्या त्या पडेल व्हिडिओंमध्ये सगळी रेघ खाली जाते, पण अगदी जमिनीलगत एक बारीक रेघ शेवटपर्यंत जाते, ती कोणाची? त्या हसल्या. "सर, ते तुम्ही स्वतःच! स्वतःचा व्हिडिओ बघता ना परत परत?" तोंडात मारल्यासारखं झालं. बघत होतो हो... मग पुढचा व्हिडिओ केला आणि शपथ घेतली, उघडायचा नाही. सुचित्राला विचारलं, तू बघतेस? म्हणाली, "मी कशाला बघू? मला चाळीस वर्षं लाईव्ह चालू आहे."

आणि चार दिवसांनी आलेख उघडला तर... रेघ होती. बारीक. शेवटपर्यंत. त्या राखून ठेवलेल्या जागांमधूनसुद्धा, न हलता.

आता असं कोण बसेल? वीस मिनिटं, आभारासकट? तुम्हाला वाटतं ते मला वाटणार नाही? पण वाटून काय उपयोग? एक शब्द लिहीत नव्हता. रेघ काही बोलते का?

शिबिरात आमच्याबरोबर एक रघू होता, वरळी कोळीवाड्याचा. माझ्याच वयाचा. जन्मभर समुद्रावर गेला, आता गुडघे गेले म्हणून घरी बसून म्हावरं कापायचे व्हिडिओ करतो. कोणता मासा कसा सोलायचा, ताजा कसा ओळखायचा. त्याला म्हणे सत्तर हजार लोक रोज बघतात. मला म्हणतो, "काय रं परुळेकर, त्वांड असा का पारलास?" सांगितलं त्याला सगळं. चिंतामणीचं सोडून. म्हणजे ते सोडून सांगत होतो, पण त्यातलंच सांगून झालं.

तर रघू म्हणतो, "ती बाय हूक हूक करते, हूक म्हंजे गळ. नुसत्या गळाला कोन येतो काय? आमिष पायजे. आनि आमिष लावाच्या आधी सांग, तुला म्हावरा कंचा पायजे? पापलेटाला येगला, खेकऱ्याला येगला. तुला अख्खा दर्या नको, तुला येकच म्हावरा पायजे. मंग त्यो काय खातो, त्ये लाव की!"

एका म्हाताऱ्या कोळ्याने दोन वाक्यांत जे सांगितलं ते त्या शिबिरात दोन दिवसांत नाही सांगितलं! चिंतामणी काय खातो? चिंतामणी चुका खातो! चूक दिसली की त्याला गिळल्याशिवाय चैन पडत नाही!

बसलो. नवा व्हिडिओ. छातीवर हात ठेवून खोटं बोललो. "आमच्या चाळीला दोन जिने होते." होते तीन. "चाळीत पहिला टीव्ही आला तो चौदा नंबरात." आला होता नऊ नंबरात, तुम्ही कोणालाही विचारा. कारकून माणूस मी, खोटी नोंद करताना घाम फुटला. पण जागा सोडल्या. मोठ्या. चांगली तीन-तीन सेकंदांची.

आणि काय सांगता! दुसऱ्या दिवशी फोन वाजायचा थांबेना. नालासोपाऱ्याहून नलूवहिनी, चाळ सुटल्यापासून एक शब्द नाही, आणि आता? "परुळेकर! टीव्ही आमच्याकडे आला होता! चौदा नंबरात? लाज वाटत नाही? तुम्ही दारात उभे राहून बघायचात, मी तुम्हाला पाट दिला होता बसायला!" म्हटलं, हो वहिनी. "हो काय? पाट अजून आहे माझ्याकडे!" मग तळमजल्यावरचा शंतनु, तो आता पुण्यात असतो. "काका, तीन जिने! मी मधल्यावरून पडलो होतो, खूण आहे गुडघ्यावर, फोटो पाठवू?" पाठवला. मग विरारहून, डोंबिवलीहून, एक तर मस्कतहून! सहा वर्षं ज्यांना चाळ आठवली नाही ती सगळी माणसं माझी चूक सुधारायला धावत आली, आणि एकमेकांच्या सुधारणा सुधारत बसली. खाली दोनशे अभिप्राय! मॅडमचा निरोप, "सर, एंगेजमेंट!!" तुम्हाला सांगतो, मी ते वाचत बसलो आणि क्षणभर, नुसता क्षणभर, गॅलरीत खुर्ची टाकल्यासारखं वाटलं.

पण पायरी रिकामी. चिंतामणी नाही.

म्हटलं, आमिष कमी पडलं. पुढच्या व्हिडिओत म्हटलं, "चाळीच्या कॅरमचा शेवटचा सामना मी जिंकलो." तो त्याने जिंकला होता, मला शून्यावर ठेवून, आणि त्यानंतर महिनाभर त्याच्याइतका नम्र माणूस लालबागात नव्हता. म्हटलं, हे तरी? गिळवणार नाही त्याला! एक दिवस गेला, दोन गेले, आठवडा गेला. सगळी चाळ ओरडली, "काका, तिरोडकर जिंकले होते!" तिरोडकर गप्प.

आलेख उघडला. रेघ होती. तो बसला होता. ऐकत होता. मी त्याचा सामना चोरला ते ऐकत होता आणि चूक म्हणत नव्हता.

तेव्हा मात्र, खरं सांगतो, मी फोन पालथा ठेवला. म्हणजे त्या दिवशी माझं बोलणं त्याने किती खोल घेतलं बघा. जन्मभर चुका काढल्यास, म्हणालो ना? सोडल्या त्याने काढायच्या. माणसाचा राग परवडतो हो. त्याने आपलं ऐकलं, हे परवडत नाही.

सुचित्राला म्हटलं, धर फोन. ती म्हणाली, "कुठली खोली?" म्हटलं, खोली नाही. चौक.

ना चित्र, ना बाण, ना पायाखालची जमीन. बोललो. "एकतीस मार्चला मी निवृत्त झालो. चिंतामणी तिरोडकर पेढे घेऊन आला होता. गॅलरी सत्त्याऐंशी सालीच कोसळली. मी त्याच दिवशी जुना कागद काढून बघितला होता, सांगितलं नाही. सामना त्याने जिंकला. आणि त्याने एक ओळ लिहिली नसेल, पण मी सांगितलेली एकही गोष्ट त्याने सरळ केल्याशिवाय उभी राहिली नाही. चूक माझी." एवढंच. मग जी जागा सोडली ती सोडलीच. सुचित्राने बंद केला नाही फोन. तिचा हातही थरथरला नाही.

सात जणांनी बघितला. म्हणजे बघा! जन्मात एकदा माणूस खरं बोलतो, थांबतो कोण?

तिसऱ्या दिवशी, चहाच्या वेळेला, फोन वाजला. टुंग. खाली एक अभिप्राय. नाव, चिं. वा. तिरोडकर.

"चूक. तीस मार्च."

मी उठलो! चूक? माझी? अहो, कारकुनाला एकतीस मार्च चुकेल? स्वतःचं नाव चुकेल एकवेळ! हार माझ्या गळ्यात होता! तिथल्या तिथे उत्तर लिहायला घेतलं, "संदर्भ, माझे सेवापुस्तक, अखेरची नोंद पाहावी..." चांगल्या बारा ओळी झाल्या, आणि पाठवणार तेवढ्यात सुचित्राने मनगट धरलं.

"अहो, थांबा जरा. हार तुमच्या गळ्यात होता, पण पेढे कोणाच्या हातात होते?"

म्हटलं, त्याच्या.

"प्रुफं तपासणारा माणूस. तारीख चुकेल त्याची?"

मी बसलो. चहा गार झाला. तुम्हाला सांगतो, मला कळायला आठ सेकंदांपेक्षा बराच जास्त वेळ लागला. चिंतामणीने चूक केली होती! मुद्दाम! आयुष्यात पहिल्यांदा, माझ्यासाठी, हाताने चूक लिहिली होती, आणि बदलापूरला बसून वाट बघत होता, की गंगाधर आता ही गिळतो की नाही!

बारा ओळी पुसल्या. दोन शब्द लिहिले.

"हं. मग?"

चाळीस वर्षं मी सांगायचो आणि जग हुंकार द्यायचं. त्या दिवशी मी दिला.

आणि मग सुटला हो तो! पहिल्या व्हिडिओपासून! "चूक. खोली एकचे भाडेकरू दोन भाऊ, तीन नव्हे." "सहाव्या मिनिटाला चूक." "आभारात मंडळाच्या कोषाध्यक्षांचे नाव राहिले." म्हणजे आभारसुद्धा ऐकले होते त्याने! आभार! रोज सकाळी एक येते, चहाच्या वेळेला, आणि मी खाली लिहितो, हं. आज चव्वेचाळिसावी आली. रघूला सांगितलं तर म्हणतो, "आता वढ की वर! लावून कवा ठेवनार?" आणि सुचित्रा रोज पाठीस लागते, "अहो, आता तरी फोन करा. बदलापूर काही मस्कत नाही. जेवायला बोलवा रविवारी, सुकट आहे, झाकणासकट आहे."

करीन... नाही असं नाही. नंबर पाठ आहे. पण मी म्हटलं तिला, अगं, आठशे कोटींच्या जगात मला शेवटपर्यंत थांबणारा एक प्रेक्षक मिळालाय. उद्या फोन केला, रविवारी तो आला, पाटावर बसला, बोललो, मिटलं... मग माझे व्हिडिओ बघायला थांबतो कोण?